बाजाराच्या दिवशीचा खाडा

श्रावणातली दुपार होती. भुरभुर पाऊस चालू होता, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मावशी आल्या, छत्री दाराशी टेकवली, काउंटरवर दोनशेची नोट ठेवली आणि म्हणाल्या, "दादा, साखरंच्या त्या बारक्या गोळीची एक पट्टी द्या. बाकीच्या ऱ्हाऊ द्या, घरात हायेत."

हातात डॉक्टरांची ताजी चिठ्ठी होती. रक्तदाब १६८/९६. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ९.१. आणि खाली बीपीची तिसरी गोळी नव्याने वाढवलेली. ती मावशींनी मागितलीच नव्हती.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात मी बावीस वर्षं मेडिकल चालवतोय. "पेशंट गोळ्या वेळेवर घेत नाही" हे वाक्य मी रोज ऐकतो. कधी डॉक्टर म्हणतात, कधी मुलगा, कधी सून. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं, "विसरतात हो." मावशींच्या बाबतीत मीही इतके दिवस तेच धरून चाललो होतो. प्रत्यक्षात त्या एकही गोळी विसरत नव्हत्या. त्यांची प्रत्येक गोळी वेगळ्या कारणाने चुकत होती आणि एक गोळी तर दुप्पट पोटात जात होती. त्यातल्या काही चुका माझ्या दुकानात झालेल्या होत्या. म्हणून हे सगळं तपशिलात लिहितोय. मावशींना विचारून लिहितोय, आणि ओळख पटेल असं जे होतं ते बदललं आहे.

वय बासष्ट. भाजी विकतात. आठवड्यातून दोन बाजार, गुरुवार आणि रविवार, दोन वेगवेगळ्या गावांत. मुलगा चाकणला कंपनीत, घरी सून आणि सातवीतला नातू. लिहिता-वाचता जेमतेम येतं, पण हिशोब तोंडी आणि पक्का. मधुमेह नऊ वर्षांचा, रक्तदाब सहा वर्षांचा. त्या दुपारी त्यांच्या नावावर सहा औषधं चालू होती. बीपीला अ‍ॅम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन, साखरेला मेटफॉर्मिन दोन वेळा आणि ग्लिमेपिराइड सकाळी नाश्त्याआधी, कोलेस्टेरॉलला रात्री अ‍ॅटोरवास्टॅटिन, आणि पायाच्या सुजेवर फ्युरोसेमाइड, जिला आमच्याकडे सगळे पाण्याची गोळी म्हणतात.

तिसरी बीपीची गोळी बघून मी थबकलो, कारण तीही लघवी वाढवणारीच होती. डॉक्टरांचं चुकलं असं नाही. दोन औषधांवर बीपी खाली येत नसेल तर तिसरं असं लघवी वाढवणारं देतात, तशी पद्धतच आहे. पण पहिल्या दोन गोळ्या खरंच पोटात जातायत का, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. पाण्याची गोळी बाजारगावच्या दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली आहे, हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

मी कॉम्प्युटरवर मावशींची बिलं काढली. फेब्रुवारी ते जुलै, म्हणजे साधारण १८० दिवस. मेटफॉर्मिन लागणार ३६०, गेल्या होत्या १८०. बरोबर निम्म्या. ग्लिमेपिराइड १४०. टेल्मिसार्टनही १४०. अ‍ॅटोरवास्टॅटिन जेमतेम ६०. पाण्याची गोळी मे महिन्यापासून, तीन महिन्यांत ९० हव्यात तर ४०. आणि अ‍ॅम्लोडिपिन, १८० लागायच्या तिथे २५०.

हा शेवटचा आकडा मी तीनदा मोजला. विसरणाऱ्या माणसाच्या सगळ्याच गोळ्या थोड्या-थोड्या उरतात. एक गोळी निम्मी आणि दुसरी दीडपट, हे विसरण्याने होत नाही.

"मावशी, उद्या घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा," मी म्हटलं. "चालू असलेल्या, बंद केलेल्या, डबीतल्या, देव्हाऱ्यापाशी ठेवलेल्या. एकही मागं ठेवू नका."

"रागवणार न्हाई न्हवं?"

"नाही."

काचेवर मांडलेली पिशवी

दुसऱ्या दिवशी दोन वाजता, दुकान अर्धं बंद करून, मी ती पिशवी काउंटरच्या काचेवर रिकामी केली. साडीच्या दुकानाची जुनी प्लास्टिकची पिशवी. तिच्यातून निघाल्या कापलेल्या पट्ट्यांचे सतरा तुकडे, एक स्टीलची हळदीकुंकवाची डबी, पोटदुखीच्या दोन गोळ्या, आणि गेल्या वर्षीच्या अँटिबायोटिकच्या चार.

सतरातल्या अकरा तुकड्यांवर औषधाचं नाव नव्हतं. ते माझ्या कात्रीचं काम. आम्ही दुकानदार पट्टी कापताना नाव आणि मुदत छापलेली बाजू दुकानात ठेवतो, म्हणजे उरलेली पट्टी पुढे विकता येते. गिऱ्हाइकाच्या हातात जातो तो बिननावाचा चांदीचा तुकडा. दर दहा दिवसांनी थोड्या गोळ्या नेणाऱ्या माणसाच्या घरी असे तुकडे साठत जातात. मग तो माणूस गोळी ओळखतो रंगावरून आणि आकारावरून. मावशींच्या तोंडी त्यांची नावं होती बारकी, लांबुडकी, पिवळी, आणि मुताची.

डबी उघडली. आत टेल्मिसार्टनच्या गोळ्या होत्या, म्हणजे होत्या असं म्हणायचं. चार-पाच एकमेकींना चिकटून त्यांचा मऊ, ओलसर गोळा झाला होता. एकीवर नख लावलं तर खळगा पडला.

"ह्या नासल्यात," मावशी म्हणाल्या. "मिरगापासनं असंच हुतंय. पानी सुटतंय त्यास्नी. मी टाकून देते."

हे औषध हवेतला ओलावा फार ओढतं. म्हणून ते पट्टीतच ठेवायचं आणि खायच्या वेळीच फोडायचं असतं. मावशींनी चांगल्या हेतूने, सकाळी अंधारात शोधाशोध नको म्हणून, सगळ्या गोळ्या फोडून डबीत काढून ठेवल्या होत्या. फेब्रुवारी ते मे निभावलं. मृग लागला आणि गोळ्यांना पाणी सुटलं. मावशी नासलेली वस्तू खाणाऱ्यातल्या नाहीत. भाजीसारखंच, सुटली की फेकली. माझ्या बिलांत मात्र टेल्मिसार्टन बऱ्यापैकी नियमित दिसत होती. विकत घेतलेली गोळी आणि पोटात गेलेली गोळी यांत हा एवढा फरक असतो, आणि बिलं बघून तो कधीच कळत नाही. आता बाजारात सोमवार ते रविवार कप्पे असलेल्या डब्या मिळतात, मुलं हौसेने आईवडिलांना आणून देतात. चांगली वस्तू आहे. पण टेल्मिसार्टन त्यात सुटी टाकू नका. पट्टीचा तुकडा कापून, फॉइल न फोडता टाका.

मग अ‍ॅम्लोडिपिन. पिशवीत ती दोन रूपांत होती. एक पांढरी गोल, एक फिकट पिवळी. औषध तेच, ताकद तीच, कंपन्या वेगळ्या.

"पांढरी बीपीची," मावशी म्हणाल्या. "आन् पिवळी तुमीच दिली की फेब्रुवारीत. नवी."

झालं होतं असं. फेब्रुवारीत नेहमीच्या कंपनीचा माल आला नव्हता, म्हणून मी दुसऱ्या कंपनीची दिली. डॉक्टरांना फोन केला नाही, आणि मावशींना "हीच गोळी आहे, कंपनी वेगळी" एवढं एक वाक्य बोललो नाही. संध्याकाळची गर्दी होती, एवढीच सबब. मार्चमध्ये जुना माल आला. मावशींनी घरून दोन्ही रिकाम्या पट्ट्या आणून दाखवल्या आणि माझ्या मुलाने दोन्ही दिल्या. आमच्या कॉम्प्युटरमध्ये नोंद कंपनीच्या नावाने होते, त्यामुळे एकाच औषधाच्या दोन ओळी शेजारी-शेजारी कधी आल्याच नाहीत. पाच महिने मावशी उपवासाचे दिवस सोडून रोज दोन्ही गोळ्या घेत होत्या, पाच मिलिग्रॅमच्या जागी दहा.

आणि त्यातूनच पुढचं सगळं उभं राहिलं. अ‍ॅम्लोडिपिनने पायाला सूज येते. डोस वाढला की जास्त येते आणि दिवसभर पाय लोंबकळत बसणाऱ्याला किंवा उभं राहणाऱ्याला आणखी. अंगात पाणी साचलेलं नसतं. बारीक रक्तवाहिन्या रुंदावून त्यातून पाणी पायाच्या मांसात झिरपतं. म्हणून पाण्याच्या गोळीने ही सूज फारशी हटत नाही. उलट टेल्मिसार्टनच्या गटातली औषधं सोबत असली की ती कमी राहते, आणि नेमकी तीच जूनपासून मऊ पडून उकिरड्यावर जात होती. एप्रिलअखेर मावशींचे पाय सुजले. मेमध्ये बाजारगावच्या डॉक्टरांनी सूज बघितली आणि पाण्याची गोळी लिहिली. त्यांच्यासमोर फक्त सुजलेले पाय होते, माझ्या दोन पट्ट्या नव्हत्या. एका औषधाच्या त्रासावर दुसरं औषध, असं हे सुरू होतं आणि वाढत जातं. आमच्या धंद्यात हे नवीन नाही. पण यावेळी पहिली वीट मी ठेवली होती.

मावशी त्या दिवशी मुलाच्या जुन्या स्लीपर घालून आल्या होत्या. स्वतःची चप्पल पायात शिरत नव्हती.

काल सकाळपासून सांगा

"गोळ्या घेता का?" या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर असतं, "व्हय." डॉक्टरांना नाही म्हणायचं नसतं, मेडिकलवाल्यालाही नाही. म्हणून मी विचारलं, "मावशी, काल बाजार होता. झोपेतनं उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय-काय केलं ते सांगा. गोळ्यांचं सोडा."

चारला उठल्या. मेथीच्या जुड्या बांधल्या. चहा घेतला. चहाबरोबर बारकी गोळी आणि बीपीच्या. पाचला टेम्पो. सहाला बाजारात जागा धरली. अकराला भाकरी. दोनला पाल काढलं. तीनला घरी.

"मुताची गोळी?"

मावशींनी बाहेर बघितलं. दुकानात आम्ही दोघंच होतो, तरी त्यांनी आवाज खाली आणला.

"दादा, तिथं बायामान्सानं कुटं जायचं? बाजारतळाला आडोसा न्हाई. यष्टी स्टँडवर हाय, तिथवर गेलं तर मालावर कोण बसंल? ती गोळी खाल्ली की तासाभरात सुरू हुतंय. दोनदा साडी वली झाली. तवापासनं बाजाराच्या दिशी ती न्हाई घेत. पानीबी पीत न्हाई."

मेटफॉर्मिनचंही तेच. पोट बिघडतं, जुलाबासारखं होतं. घरी चालतं, बाजारात कसं चालेल?

मी बावीस वर्षं त्या गोळ्या विकतोय. "भरपूर पाणी प्या" असंही सांगतोय. बाजारात बसणाऱ्या बाईला सकाळी सहा ते दुपारी दोन जायला जागा नसते, हे मला कधी सुचलं नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर "सकाळी" असं लिहिलेलं असतं. ती सकाळ कुठे जाते, हे तिथे लिहिलेलं नसतं. या गोळीचा जोर सहा-सात तासांचा असतो. कुणी आधी विचारलं असतं तर "बाजारावरून आल्यावर तीनला घ्या" एवढं सांगून तीही निभली असती.

मग उपवास. सोमवार, दोन एकादश्या, संकष्टी. महिन्याला सात-आठ दिवस. त्या दिवशी एकही गोळी नाही.

"का?"

मावशी माझ्याकडे जरा नवलाने बघत म्हणाल्या, "तुमीच लिवलंय न्हवं, जेवल्यावर? जेवनच न्हाई तर जेवल्यावरची गोळी कशी घ्यायची?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाकिटावर मीच लिहिलं होतं, जेवणानंतर. त्यांनी ते शब्दशः पाळलं होतं. बीपीच्या गोळीला जेवण लागत नाही, ती कधीही चालते. पण माझी सवय अशी की सगळ्याच पाकिटांवर ओळीने "जेवणानंतर" लिहून टाकायचं, म्हणजे पित्ताची तक्रार येत नाही.

आठ-नऊ दिवस बाजार, सात-आठ दिवस उपवास. महिन्यातले पंधरा-सोळा दिवस. मेटफॉर्मिन निम्मी. हिशोब गोळीला गोळी जुळला. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये जो अहवाल काढला त्यात म्हटलं होतं की श्रीमंत देशांतही जुनाट आजाराचे जवळपास निम्मेच रुग्ण औषध नीट घेतात. तो निम्मा आकडा वाचला की वाटतं, निम्मी माणसं बेफिकीर. माझ्यासमोर बसलेल्या मावशींचा निम्मा हा बाजार आणि उपवास यांची बेरीज होता.

एक गोष्ट मात्र मावशी बरोबर करत होत्या. उपवासाला ग्लिमेपिराइड घेत नव्हत्या. ही गोळी पोटात अन्न नसताना घेतली तर साखर एकदम खाली जाते. पण बाजाराच्या दिवशी, पहाटे चारला नुसत्या चहावर, तीच बारकी गोळी त्या न चुकता घेत होत्या. पोटाला त्रास देत नाही म्हणून ती त्यांची आवडती. मग साडेनऊ-दहाला घाम फुटायचा, हात थरथरायचे, डोळ्यांपुढं अंधारी. "बीपी लो झालं" असं समजून त्या शेजारच्या केळीवाल्याकडून केळं खायच्या आणि बरं वाटायचं. केळ्याने बरं वाटतं, म्हणजे साखर खाली गेलेली. सहा महिन्यांत असं सात-आठ वेळा झालं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

चिठ्ठी

औषध बदलणं हे माझं काम नाही. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशनमध्ये रुग्णाला औषधाबद्दल समजावणं हे फार्मासिस्टचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे, पण काय द्यायचं ते डॉक्टरच ठरवणार. मी एक कागद लिहून मावशींच्या हाती दिला. अ‍ॅम्लोडिपिन दुप्पट चालू आहे, चूक माझ्या दुकानाची. टेल्मिसार्टन जूनपासून पोटात नाही. पाण्याची गोळी कुणी, कधी, कशासाठी दिली. मेटफॉर्मिन निम्मी, कारण बाजार आणि उपवास. ग्लिमेपिराइडनंतर रिकाम्या पोटी घाम येतो. शेवटी एक ओळ, बाजारात आठ तास संडास नाही.

डॉक्टरांचा फोन रात्री साडेनऊला आला. ते चिडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "तिसरी गोळी मी लिहिलीच होती, पंधरा दिवसांनी चौथीचा विचार केला असता."

किडनीसाठी क्रिएटिनिन आणि सोबत पोटॅशियम तपासून, दोन्ही ठीक आल्यावर, त्यांनी सगळं नव्याने मांडलं. तिसरी बीपीची गोळी काढली. पाण्याची गोळी बंद केली. अ‍ॅम्लोडिपिन ५ आणि टेल्मिसार्टन ४० एकाच गोळीत असलेली दिली. अशी दोन औषधांची एक गोळी २०१९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ग्लिमेपिराइडच्या जागी सिटाग्लिप्टिन आली, तिने उपाशीपोटी साखर सहसा खाली जात नाही. २०२२ मध्ये तिचं पेटंट संपलं आणि बऱ्याच कंपन्यांनी ती स्वस्तात काढली. त्याआधी मावशींना ती परवडलीच नसती.

मेटफॉर्मिनचं डॉक्टरांनी फार सुंदर केलं. हळूहळू विरघळणारी, पोटाला सोसणारी गोळी, आणि ती फक्त रात्रीच्या जेवणाबरोबर. कारण सोमवारचा उपवास संध्याकाळी सुटतो. संकष्टी चंद्रोदयानंतर सुटते. एकादशी दुसऱ्या दिवशी सुटते खरी, पण रात्री भगर आणि शेंगदाण्याची आमटी पोटात असते. म्हणजे मावशींच्या घरी रात्री काही ना काही खाल्लं जात नाही असा दिवसच नाही. आणि रात्री संडास घरात आहे.

दिवसाच्या सात-आठ गोळ्यांच्या चार झाल्या. सकाळी दोन, रात्री दोन.

माझ्या बाजूचं काम पाकिटांचं होतं. पट्टी कापताना नावाची बाजू मावशींना दिली. मग १-०-१ लिहायचं सोडून सकाळच्या पाकिटावर सूर्य काढला, रात्रीच्या पाकिटावर चंद्रकोर. "जेवणानंतर" फक्त एका पाकिटावर राहिलं, तेही बदलून लिहिलं, "रात्री खाताना, उपासालाही". सकाळच्या पाकिटावर लिहिलं, "पहिल्या चहाला". चहा मावशींचा कधीच चुकत नाही.

हे चहाला बांधणं माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. कॅनडातल्या हॅमिल्टन इथे १९७० च्या दशकात डेव्हिड सॅकेट आणि ब्रायन हेन्स यांनी पोलाद कारखान्यातल्या रक्तदाबाच्या कामगारांवर दोन अभ्यास केले. पहिल्यात २३० कामगार होते. काहींना रक्तदाबाची सगळी माहिती पद्धतशीर शिकवली, काहींना कामाच्या ठिकाणीच डॉक्टर दिला. दोन्हींनी गोळ्या घेण्यात फरक पडला नाही. मग ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नव्हता आणि गोळ्या चुकत होत्या अशा ३८ जणांचा दुसरा अभ्यास झाला. त्यात काही जणांना स्वतःचा रक्तदाब मोजून लिहायला लावलं, गोळी त्यांच्या रोजच्या सवयीला जोडून दिली आणि दर पंधरवड्याला कुणीतरी भेटत राहिलं. तिथे फरक पडला. मला हे वाचून फार वर्षं झाली, तरी मी काउंटरवर माहितीच देत बसायचो. "गोळी चुकवली तर किडनी जाईल" वगैरे. मावशींना ते पाठ होतं. त्यांच्या सख्ख्या बहिणीची किडनी त्यातच गेलेली. माहिती कमी पडत नव्हती.

घरात लिहिणार कोण, हा प्रश्न नातवाने सोडवला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांच्याकडे दुधाचा हिशोब लिहितात, ज्या दिवशी दूध आलं नाही त्या चौकोनात खाडा. त्याने त्याच चौकोनात खाली दोन बारीक टिंबं सुरू केली, एक सकाळचं, एक रात्रीचं. गोळी चुकली की टिंबाच्या जागी फुली. मी पहिले दोन महिने दर पंधरा दिवसांनी त्या पानाचा मोबाइलवर फोटो मागवत होतो. नातू फोटो पाठवायचा आणि खाली लिहायचा, "आजीचे २ खाडे, दुधाचे ३."

पुढं

तीन आठवड्यांनी मावशी स्वतःच्या चपला घालून आल्या. आल्या आल्या पाय पुढे करून दाखवला. नोव्हेंबरात बीपी १३६/८२ आलं, डिसेंबरात तीन महिन्यांची साखर ७.६. बाजारात घाम फुटणं थांबलं, आणि त्या पाणी पिऊ लागल्या. पूर्ण नाही, दोन-चार घोट. बाजारतळावर आजही आडोसा नाही. ग्रामपंचायतीकडे बायकांनी अर्ज दिलाय, सहा-सात जणींचे अंगठे आणि सह्या आहेत. त्या अर्जाची झेरॉक्स मी दुकानात काढून दिली. त्याचं अजून काही झालेलं नाही, आणि मला ते रक्तदाबाच्या गोळीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. दिवाळीत मावशी चाकणला मुलाकडे गेल्या आणि गोळ्या घरी राहिल्या. कॅलेंडरवर सलग नऊ दिवस दोन-दोन फुल्या, नातवाने परत आल्यावर प्रामाणिकपणे भरलेल्या. अ‍ॅम्लोडिपिन अंगातून सावकाश उतरते, त्यामुळे एक-दोन दिवसांच्या खाड्याने काही जाणवत नाही. त्यामुळेच माणसाला वाटतं, चाललंय की. नऊ दिवसांनी डोकं दुखायला लागलं. तेव्हापासून प्रवासाच्या पिशवीत पाच दिवसांचं एक पाकीट कायम पडून असतं.

आणि कोलेस्टेरॉलची गोळी. तिचं मला अजून जमलेलं नाही. "त्याचा मला तरासच न्हाई तर गोळी कशाला?" या प्रश्नाला मी देतो ते उत्तर बरोबर आहे, पण मावशींना ते पटत नाही. मेटफॉर्मिनच्याच पाकिटात तीही घातली, तरी ती बाजूला काढतात. पुढच्या तीन महिन्यांत नव्वदातल्या पन्नास गेल्या. आधी सहा महिन्यांत साठ जायच्या, त्यापेक्षा बरं.

दुकानात आम्ही तीन गोष्टी बदलल्या. कॉम्प्युटरवर आता कंपनीच्या नावाआधी औषधाचं नाव शोधतो. कंपनी बदलली तर डॉक्टरांना विचारतो, पाकिटावर लाल पेनने "जुनीच गोळी, कंपनी वेगळी" लिहितो आणि जुनी उरलेली परत मागून घेतो. आणि महिन्यातून एक दुपार पिशवीची ठेवली आहे. रक्तदाबाच्या सरकारी मोहिमेत, २०१७ मध्ये सुरू झालेल्या इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्हमध्ये, महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांत सातारा होता. तिथे मोजकीच औषधं, ठरलेला क्रम आणि एकदम महिन्याच्या गोळ्या अशी पद्धत आहे. त्यामुळे आमच्याकडे बऱ्याच घरांत आता सरकारी दवाखान्याची पट्टी आणि खाजगी डॉक्टरांची पट्टी दोन्ही असतात. कधी-कधी तेच औषध दोन नावांनी असतं. पिशवी ओतल्याशिवाय ते दिसत नाही. आतापर्यंत चोवीस पिशव्या ओतल्या, त्यातल्या पाचांत एकच औषध दोन नावांनी निघालं.

यंदा आषाढाच्या तोंडावर मावशी पुन्हा आल्या. माउलींची पालखी लोणंदला आली की तिथून दिंडीत चालायचं, थेट पंढरपूरपर्यंत. गेल्या वर्षी सुजलेल्या पायांमुळे त्या गेल्या नव्हत्या. डॉक्टरांना विचारून आल्या होत्या.

काउंटरवर त्यांनी कापडाची चंची उलगडली आणि मला सांगायला लागल्या, पट्टी कशी कापायची ते. फॉइल फोडायचं नाही, नावाची बाजू आत ठेवायची, सूर्याच्या सोळा जोड्या, चंद्राच्या सोळा. "दोन जास्तीच्या. पाऊस लागला, पालखी थांबली तर." एकादशीला पंढरपुरात फराळ रात्री किती वाजता मिळतो, हेही त्यांनी दिंडीवाल्यांना विचारून ठेवलं होतं. मी कोलेस्टेरॉलची पट्टी पुढे केली तशी त्यांनी ती दोन बोटांनी काचेवरून माझ्याकडे सरकवली.

"ही ऱ्हाऊ द्या."

"मावशी."

"बरं, आठ द्या. एक दिसाआड."

मी सोळा कापल्या. त्यांनी त्या मोजल्या, माझ्याकडे बघितलं आणि सोळाही चंचीत घातल्या.

परत आल्या तेव्हा बुक्क्याचा टिळा अजून कपाळावर होता. चंची त्यांनी काचेवर रिकामी केली. सूर्याच्या दोन जोड्या उरल्या होत्या, चंद्राच्या दोन. त्या सोळातल्या पाच.